विश्लेषण : पगारातला वाटा सरकारचा, पण शिकवतो कोण? किकवीच्या छोट्या वर्कशॉपला प्रोत्साहन योजना का पेलत नाहीत?

कामगार घ्या, त्याला काम शिकवा, पगाराचा काही भाग सरकार देईल. ऐकायला सरळ वाटणाऱ्या या कल्पनेवर केंद्र आणि राज्य सरकारने गेल्या दहा वर्षांत अनेक योजना आणल्या. कोट्यवधी नोकऱ्यांचे आकडे जाहीर झाले. पण पुणे–सातारा महामार्गावरच्या किकवीसारख्या गावात, जिथे पोरगा पहिल्यांदा वेल्डिंगची दांडी हातात धरतो, तिथे या योजनांचा पैसा क्वचितच उतरतो. असे का होते आणि काय बदलायला हवे, याचा हा आढावा.

किकवीच का?

किकवी भोर तालुक्यात, महामार्गालगत आहे. पुण्याकडे कापूरहोळ, नसरापूर, खेड शिवापूर. साताऱ्याकडे सारोळा आणि नीरा नदीचा पूल. पूल ओलांडला की सातारा जिल्ह्यातले शिरवळ आणि तिथली औद्योगिक वसाहत. म्हणजे एका बाजूला भाताची खाचरे आणि दुसऱ्या बाजूला मोठ्या कंपन्यांच्या बस, अशा पट्ट्यात हे गाव येते.

या पट्ट्यातल्या पोराचा रस्ता ठरलेला असतो. दहावी-बारावी किंवा आयटीआय झाले की आधी एखाद्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये, गॅरेजमध्ये नाहीतर मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात हाताखाली राहायचे. वर्ष-दीड वर्षात हात बसतो. मग शिरवळला किंवा पुण्याच्या बाजूला वेळू-शिंदेवाडीला कंपनीत, बहुतेक वेळा कंत्राटदारामार्फत, चिकटायचे. वेल्ह्याकडून, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातून, नसरापूरमार्गे येणाऱ्या पोरांचेही तेच.

यात शिकवण्याचे काम केले छोट्या शेडने. शिकलेला कामगार मिळाला मोठ्या कंपनीला. आणि सरकारी प्रोत्साहन? ते ज्याच्या पीएफ कोडवर नाव चढले, त्याला. या लेखाचा मुद्दा एवढाच आहे : सरकार पैसा देते तो नाव नोंदवण्यासाठी, काम शिकवण्यासाठी नाही.

मुळात सरकारने मालकाला पैसे का द्यावेत?

हा प्रश्न रास्त आहे. धंदा मालकाचा, नफा मालकाचा, मग पगारात करदात्याचा वाटा कशाला?

उत्तर किकवीतच सापडते. नवख्या पोराला वर्षभर शिकवायचे म्हणजे मालकाचा खर्च. दांड्या वाया जातात, पत्रा चुकीचा कापला जातो, मिस्त्रीचा वेळ जातो. एवढे करून पोरगा तयार झाला की दीड-दोन हजार जास्त मिळतात म्हणून तो पुलापलीकडे जातो. त्याचा दोष नाही, त्याला घर चालवायचे असते. पण पुढच्या वेळी मालक नवखा घेताना दहा वेळा विचार करतो. 'तयार माणूस असेल तर सांगा' अशी पाटी लावतो. सगळ्यांनाच तयार माणूस हवा आणि शिकवायला कुणीच नको, अशी अवस्था आली की बेरोजगार पोरे आणि रिकाम्या जागा एकाच गावात शेजारी शेजारी दिसतात.

शिकवण्याचा खर्च एकाचा आणि फायदा सगळ्यांचा असेल, तर त्या खर्चात सरकारने हात लावणे योग्यच आहे. प्रश्न आहे तो हात नेमका कुठे लागतो याचा.

योजना कोणत्या आणि त्यात काय मिळते?

तीन योजना लक्षात ठेवायच्या.

पहिली, राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याला जोड म्हणून २०१६ मध्ये ती सुरू झाली. शिकाऊ उमेदवाराला मालक जे विद्यावेतन देतो, त्यातले २५ टक्के, पण महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये केंद्र सरकार देते. आधी ही रक्कम मालकाला प्रतिपूर्ती म्हणून मिळायची. २०२३ पासून ती थेट उमेदवाराच्या खात्यात जाते. ३० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. ४ ते २९ कामगार असतील तर ऐच्छिक.

दुसरी, राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली. १८ ते ३५ वयाच्या तरुणांना सहा महिने प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि विद्यावेतन पूर्ण सरकारकडून : बारावी झालेल्यांना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविका असलेल्यांना ८,००० आणि पदवीधरांना १०,०००. पुढे २०२५ मध्ये हा काळ पाच महिन्यांनी वाढवून अकरा महिने करण्यात आला. खासगी आस्थापनेसाठी अट अशी की किमान २० कामगार हवेत.

तिसरी आणि सर्वांत मोठी, प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना. तरतूद ९९,४४६ कोटी रुपये, उद्दिष्ट साडेतीन कोटी नोकऱ्या. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात निर्माण होणाऱ्या नोकऱ्यांना ती लागू आहे. तिचे दोन भाग आहेत. पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्या कामगाराला एका महिन्याच्या वेतनाइतके, पण १५,००० रुपयांपर्यंत, दोन हप्त्यांत मिळतात. पहिला हप्ता सहा महिन्यांनी, दुसरा बारा महिन्यांनी. दुसऱ्यासाठी आर्थिक साक्षरतेचा छोटा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो.

मालकाला प्रत्येक वाढीव कामगारामागे दोन वर्षे महिन्याला ३,००० रुपयांपर्यंत मिळतात. वेतन १० हजारांपर्यंत असेल तर १,००० पर्यंत, १० ते २० हजारांत असेल तर २,००० आणि त्यापुढे एक लाखापर्यंत असेल तर ३,०००. उत्पादन क्षेत्राला हा लाभ चार वर्षे. अटी दोन : ५० पेक्षा कमी कामगार असतील तर किमान दोन आणि ५० किंवा जास्त असतील तर किमान पाच माणसे वाढवायची आणि ती किमान सहा महिने टिकली पाहिजेत.

१५ हजारांच्या पगारावर हिशेब काय निघतो?

तिसऱ्या योजनेचे गणित मांडून पाहू. कामगाराचे वेतन १५,००० रुपये. मालकाचा पीएफ हिस्सा १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये. राज्य कामगार विम्याचा मालकाचा हिस्सा सव्वातीन टक्के, म्हणजे ४८७ रुपये ५० पैसे. दोन्ही मिळून जवळपास २,२८८. पीएफचे प्रशासकीय शुल्क वेगळे.

आणि सरकारकडून येणार २,०००.

म्हणजे सरकार मालकाला देते ते पगारातला वाटा म्हणून नाही. कामगाराला कागदावर आणण्याचा जो खर्च, त्याची ती बहुतांश भरपाई आहे. २०१६ ची प्रधानमंत्री रोजगार प्रोत्साहन योजना आणि करोनाकाळात ऑक्टोबर २०२० पासून आलेली आत्मनिर्भर भारत रोजगार योजना या दोन्ही उघडपणे पीएफचा हिस्सा भरणाऱ्याच होत्या. नव्या योजनेचे नाव मोठे आणि रक्कम रोख आहे, पण जात तीच.

कामगार पीएफमध्ये येणे ही चांगलीच गोष्ट आहे. त्यावर सरकारने खर्च करावा. पण त्याला 'कौशल्य' म्हणू नये. या योजनेतल्या मालकाच्या लाभासाठी कामगार काय शिकला, हे कुठेच विचारले जात नाही. माणूस सहा महिने हजेरीपटावर राहिला की पुरे.

किकवीतल्या शेडला काय मिळते?

उदाहरणादाखल एक शेड धरू. सहा कामगार, प्रत्येकाला महिना १२,०००. ग्रिल, गेट, शेतीची अवजारे, कधी एखाद्या कंपनीचे किरकोळ जॉबवर्क. मालकाला आणखी दोन पोरे घ्यायची आहेत.

राज्याच्या योजनेत तो बसत नाही, कारण २० कामगार नाहीत.

केंद्राच्या रोजगार योजनेसाठी पीएफची नोंदणी हवी. २० पेक्षा कमी कामगार असलेल्यांना ती सक्तीची नाही, पण स्वेच्छेने करता येते. समजा केली, आणि बाकी सगळे निकषही पूर्ण झाले असे धरू. दोन नव्या पोरांमागे महिन्याला ४,००० मिळतील. पण आता पीएफ आठही जणांचा भरावा लागेल. २० पेक्षा कमी कामगार असल्याने दर १० टक्के, म्हणजे १२,००० चे १,२००. आठ जणांचे ९,६००. महिन्याला ४,००० घेण्यासाठी ९,६०० भरायचे, तेही आज. ४,००० मात्र सहा महिने टिकल्यानंतर. आणि दोन किंवा चार वर्षांनी प्रोत्साहन थांबेल, पीएफ थांबणार नाही.

पीएफ हा कामगाराचा हक्क आहे, तो टाळावा असे कुणी म्हणणार नाही. पण ज्याच्या गल्ल्यात महिनाअखेर दांड्यांच्या बिलाचे पैसे उरत नाहीत, त्याला सहा महिन्यांनी मिळणाऱ्या प्रोत्साहनाने नवा माणूस घ्यायला लावता येत नाही. ही गोष्ट मंत्रालयात कळायला अवघड नाही.

उरली शिकाऊ उमेदवारी. इथे दार उघडे आहे, कारण चार कामगार पुरेत. दहावी झालेल्याला महिना ६,००० विद्यावेतन दिले तर १,५०० सरकारचे, ४,५०० मालकाचे. आता शिकवण्याचा खर्च धरा. मिस्त्रीची रोजी ८०० रुपये आणि तो दिवसातला एक तास पोराला देतो असे मानले, तर तासाचे १००, महिन्याच्या २६ दिवसांचे २,६००. शिवाय वाया जाणारा माल. म्हणजे सरकारचे १,५०० मिस्त्रीच्या वेळेलाही पुरत नाहीत. त्यात पोर्टलवर नोंदणी, करार, दर महिन्याची हजेरी. शेडमध्ये संगणक नाही आणि हिशेब वहीत आहे.

मोठ्या कंपनीकडे हे सगळे करायला मनुष्यबळ विभाग आहे. तिला कामगार घ्यायचेच असतात. योजना आली की ती अर्ज करते. यात गैर काही नाही. फक्त सरकारचा पैसा अशा नोकरीवर गेला, जी तशीही होणार होती.

आणि शिकणाऱ्या पोरापोरींना?

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा अनुभव इथे बोलका आहे. प्रशिक्षणार्थी खासगी उद्योगांप्रमाणेच सरकारी आणि निमसरकारी कार्यालयांतही गेले. ग्रामपंचायत, शाळा, तहसील. काळ संपल्यावर पुढे काय, या प्रश्नावर राज्यभर आंदोलने झाली. मागणी होती कायम करण्याची. सरकारचे म्हणणे, हे प्रशिक्षण होते, नोकरी नव्हे.

दोघांचेही आपापल्या जागी खरे आहे, आणि तिथेच योजनेचे अपयश आहे. अकरा महिने फायली लावून जे हाती येते त्याला बाहेर बाजारात भाव नसेल, तर पोरगी त्याच खुर्चीला धरून बसणार. तिच्या हातात विकता येईल असे कौशल्य असते, तर तिला कायम करा म्हणून रस्त्यावर बसावे लागले नसते.

उलट शेडमध्ये शिकलेल्या पोराच्या हातात कौशल्य असते, पण कागद नसतो. तो उत्तम टॅक मारतो, गुण्या न लावता काटकोन ओळखतो, पण शिरवळच्या गेटवर 'सर्टिफिकेट?' विचारले की तो 'हेल्पर' ठरतो. एकाकडे कागद आहे, काम नाही. दुसऱ्याकडे काम आहे, कागद नाही. योजनेने सांधायचे होते ते हेच.

बाहेरचे देश काय करतात?

अमेरिकेत २०१४ च्या मनुष्यबळविषयक कायद्यानुसार कामावरच प्रशिक्षण देणाऱ्या मालकाला पगाराच्या ५० टक्क्यांपर्यंत आणि काही परिस्थितीत ७५ टक्क्यांपर्यंत प्रतिपूर्ती मिळते. टक्का ठरवताना उद्योगाचा आकारही पाहतात. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. ही रक्कम प्रशिक्षण आणि देखरेखीच्या जादा खर्चाची भरपाई म्हणून दिली जाते. आणि जो मालक पुन्हा पुन्हा माणसे शिकवायला घेतो पण नंतर कामावर ठेवत नाही, त्याच्याशी करार करायचा नाही, असा नियम आहे.

जर्मनीत पद्धत वेगळी. तिथे शिकाऊ उमेदवाराचे वेतन कंपनीच देते, पण आठवड्यातला काही वेळ तो सरकारी व्यवसाय शाळेत असतो आणि शेवटी परीक्षा घेते ती व्यापार-उद्योगाची किंवा कारागिरांची मंडळे. शिकवणाऱ्या मिस्त्रीलाही शिकवण्याची पात्रता सिद्ध करावी लागते. त्यामुळे चार माणसांच्या वर्कशॉपमध्ये शिकलेल्या पोराचा कागदही मोठ्या कारखान्यात चालतो.

दोन्हीकडून घ्यायचे ते एकच : पैसा शिकवण्याशी बांधलेला असतो, नुसत्या हजेरीशी नाही.

छोट्यांना दार उघडले तर खोटी नावे घुसणार नाहीत?

हा आक्षेप खरा आहे. कागदावरचे कामगार दाखवून अनुदान उचलणे आपल्याकडे नवे नाही. पण त्यावर उपाय दार बंद करणे हा नाही. ऑगस्ट २०२५ पासून पीएफचा नवा खातेक्रमांक उमंग अ‍ॅपवर चेहरा पडताळूनच निघतो. विद्यावेतन थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. माणूस खरा आहे का, हे तपासण्याची साधने आता आहेत.

शिवाय खोट्या नावाला रोखण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे परीक्षा. हजेरी खोटी लावता येते. परीक्षकासमोर दोन पट्ट्या जोडून दाखवायच्या असतील, तर खोटा माणूस उभा करता येत नाही.

मग काय बदलायला हवे?

एक, शिकवण्याचा खर्च वेगळा मोजा. २०१६ च्या मूळ शिकाऊ उमेदवारी योजनेत नवख्यांच्या मूलभूत प्रशिक्षणासाठी ५०० तासांपर्यंत ७,५०० रुपयांची तरतूद होती. ती कल्पना बरोबर होती. प्रोत्साहनाचा एक भाग विद्यावेतनाला आणि दुसरा शिकवणाऱ्या वर्कशॉपला, उमेदवार व्यवसाय चाचणी उत्तीर्ण झाल्यावर, असा द्या. पोरगा पुढे शिरवळला गेला तरी हा दुसरा भाग मालकाला मिळाला पाहिजे. शिकवून सोडून दिलेल्या माणसाची भरपाई हाच तर योजनेचा मूळ हेतू.

दोन, २० कामगारांची अट गटाने पूर्ण करू द्या. किकवी, कापूरहोळ, सारोळा या टप्प्यातली पाच-सात छोटी वर्कशॉप मिळून एक गट मानता येईल. शिकाऊ उमेदवारीत उद्योग आणि उमेदवार यांच्यात दुवा म्हणून त्रयस्थ संस्था नेमण्याची सोय आधीच आहे. हे काम तालुक्याच्या आयटीआयकडे द्या. नोंदणी, करार, हजेरी आयटीआयने पाहावी. शेडने फक्त शिकवावे. आयटीआयच्या निदेशकाने महिन्यातून एकदा शेडवर जाऊन पोराचे काम पाहावे.

तीन, पैसे दर महिन्याला द्या. पहिल्या सहा महिन्यांचे निम्मे तरी आगाऊ. ज्याच्याकडे भांडवल आहे त्यालाच उधारीवर प्रोत्साहन परवडते.

चार, जो मोठा उद्योग किंवा कंत्राटदार लाभ घेऊन माणसे बदलत राहतो, त्याचे नाव पुढच्या वर्षी बाद करा. त्यासाठी नवी माहिती गोळा करावी लागणार नाही, पीएफच्या नोंदींत ती आहेच.

या चारही गोष्टींना नवा मोठा निधी लागत नाही. ९९ हजार कोटींची तरतूद झालेली आहे. तिचा छोटा हिस्सा या कामासाठी वेगळा काढला तरी पुरे.

तोवर तुम्ही काय कराल?

कामाला लागत असाल तर तीन गोष्टी विचारा. 'शिकाऊ म्हणून घेताय, तर पोर्टलवर करार होणार का?' 'माझा पीएफ कुणाच्या नावावर भरला जाणार, कंपनीच्या की कंत्राटदाराच्या?' 'शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र आहे का?' बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, हे आधीच तपासा. थेट जमा होणारे पैसे बहुतेक वेळा तिथेच अडकतात. पहिलीच नोकरी असेल तर सहा महिने आणि बारा महिने या दोन तारखा लिहून ठेवा. त्याआधी सोडलीत तर तुमचा हप्ता जाईल.

वर्कशॉप चालवत असाल आणि चार माणसे असतील, तर शिकाऊ उमेदवारीची नोंदणी आजही करता येते. रक्कम थोडी आहे, पण तुमच्याकडे शिकलेल्या पोराला कागद मिळेल. आणि आयटीआयमध्ये जाऊन गटाची मागणी लेखी द्या. मागणीच आली नाही, तर तिथला अधिकारीही वर काही कळवू शकत नाही.

किकवीच्या रस्त्याने रोज कंपन्यांच्या बस शिरवळकडे जातात. त्यात बसलेल्या किती जणांना काम कुणी शिकवले, याची नोंद कुठल्याच पोर्टलवर नाही. पगारातला वाटा उचलताना सरकारने आधी तेवढी नोंद ठेवायला सुरुवात करावी. पैसा कुठे द्यायचा, ते मग आपोआप कळेल.